डाव्या पिळाचा दोर

ओमानमधल्या माबेला गावातल्या आमच्या घरात एक शब्द दिवसातून निदान दहा वेळा ऐकू यायचा. "हात!" आई ओट्याकडे तोंड करून आंबोळ्या घालत असायची, तिची पाठ माझ्याकडे असायची, एसीची घरघर चालू असायची, आणि तरीही मी डाव्या हाताने घास उचलला की तिला कळायचं. कसं कळायचं ते मला आजतागायत समजलेलं नाही. मी मुकाट्याने घास उजव्या हातात घ्यायची, तो अर्धा ताटात सांडायचा, कुळथाच्या पिठीचा ओघळ कोपरापर्यंत यायचा, आणि मग "एवढी घोडी झालीस, अजून नीट जेवता येत नाही" हेही ऐकून घ्यावं लागायचं. मी जन्माची डावखुरी. आठवीत जाईपर्यंत पेन मात्र डाव्या हातात टिकवून ठेवलं होतं, कारण शाळेत येऊन माझ्यावर नजर ठेवणं आईला शक्य नव्हतं. जेवण, प्रसाद, हळदीकुंकू, कुणाला काही देणं, कुणाकडून काही घेणं, हे सगळं उजव्याच हाताने. एकदा खालच्या मजल्यावरच्या ओमानी आजींनी ईदच्या दिवशी वाटीतला गरम हलवा पुढे केला आणि मी पटकन डावा हात पुढे केला. आजी हसल्या, पण आईने मला वर आणून असा चिमटा काढला की दोन दिवस दंड निळा होता. कोकणात देव रागावतो आणि इथे शेजारीण रागावते, तेव्हा तू कुठेही गेलीस तरी सुटका नाही, असं तिचं म्हणणं होतं.

तिच्यावर माझा राग होता का? होता, चांगलाच होता. आता इतक्या वर्षांनी मी तिची बाजू समजून घेते वगैरे लिहायला हरकत नाही, पण तेव्हा मला रोज वाटायचं की माझ्या अंगाला एक हात चुकून लागला आहे आणि घरातल्या सगळ्यांना तो दिसतो. बाबा अझैबात एका कंपनीत एसी दुरुस्तीचे फोरमन होते. पहाटे गर्दी टाळायला साडेपाचला घर सोडायचे आणि संध्याकाळी बेकरीतले खुबूस, म्हणजे इथल्या गरम रोट्या, काखेत धरून यायचे. ते माझ्या बाजूचे होते, पण हळू आवाजात. "स्क्रू घट्ट झाला पाहिजे, कुठल्या हाताने पिळला हे एसी विचारत नाही," असं ते म्हणायचे, आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली की "खलास, जेवायला बसा" म्हणून विषय संपवायचे.

आठवीत आम्हाला समाजशास्त्र शिकवायला रेचेल मिस होत्या. कोट्टायमच्या, बारीक अंगाच्या, पण आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोरं उभी राहायची. वार्षिक प्रदर्शनासाठी प्रत्येक वर्गाला जगातली एक जुनी संस्कृती वाटून दिली होती. दहावीला इजिप्त मिळाला, नववीला रोम, आणि आमच्या वर्गाला इंका. आम्ही तोंडं वाकडी केली. पिरॅमिड नाही, तलवारी नाही, हे कोण लोक? मिस हसल्या आणि सांगू लागल्या. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतलं एवढं मोठं राज्य, आणि त्यांच्याकडे चाकाची गाडी नव्हती, लिहायला लिपी नव्हती. हिशोब आणि निरोप ते दोऱ्यांना गाठी मारून ठेवायचे. गाठ कुठे आहे, कशी आहे, दोरा कुठल्या रंगाचा, त्याला पीळ कुठल्या बाजूचा, या सगळ्याला अर्थ. सोन्यापेक्षा त्यांना कापडाचं मोल जास्त. राजाला कुणाचा मान करायचा असला की तो त्याला विणलेलं वस्त्र द्यायचा. आणि कर म्हणून पैसे नव्हतेच. प्रत्येक घराने आपल्या वाट्याचं काम करायचं, रस्ता बांधायचा, शेताच्या पायऱ्या रचायच्या, पूल बांधायचा. माझ्या डोक्यात तो पीळ राहिला. बाकीचं मी नंतर वाचलं.

पूल म्हणजे गवताचा. खोल दरीवरून, नुसत्या गवताच्या दोरांचा. दरवर्षी आसपासची गावं जमतात, प्रत्येक घर आपल्या वाट्याचा बारीक दोर वळून आणतं, ते बारीक दोर एकत्र पिळून जाड होतात, जाडांचे आणखी जाड, आणि काही दिवसांत जुना पूल जातो आणि नवा उभा राहतो. आजही तिथे एका ठिकाणी हे असंच चालतं, असं मिस म्हणाल्या. "सो, हम भी यही करेंगे. हर घर से एक रस्सी. बाजार की नहीं, हाथ की. आणि ती इथल्याच झाडाची." शेवटचं वाक्य त्या मराठीत म्हणाल्या, कारण त्यांचं लहानपण पुण्याच्या छावणीत गेलं होतं, आणि वर्गातल्या आम्हा तीन मराठी मुलांना त्या असं अधूनमधून चकित करायच्या. मैदानाच्या कोपऱ्यात वाळूचा एक खड्डा होता, लांब उडीचा. त्यावर पूल बांधायचा, आणि प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांनी त्यावरून चालायचं.

इथलं झाड म्हणजे खजूर. आमच्या गल्लीत रस्त्याच्या कडेला छाटलेल्या झावळ्यांचा ढीग पडलेला असायचा. मी बाबांच्या गाडीत भरून तो घरी आणला आणि पाती भिजायला न्हाणीघरातल्या बादलीत टाकली. दोन दिवस बाबा स्वयंपाकघरातल्या पातेल्याने अंघोळ करत होते. घरभर ओल्या पात्यांचा हिरवट वास, वर सुरमई तळल्याचा वास, आणि मी जमिनीवर पाय पसरून बसलेली. मिसनी वर्गाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ पाठवला होता. मांडीवर पात्यांचे दोन झुबके ठेवायचे, तळहाताने पुढे ढकलत पिळायचे आणि मग दोन्ही एकमेकांवर गुंडाळू द्यायचे. पहिल्यांदा बोटं सोलली, पाती तुटली. मग कधीतरी हाताला वाट सापडली, आणि माझ्या मांडीवरून एक खराखुरा दोर सरकत खाली उतरायला लागला. तो आनंद मी कधी विसरणार नाही. आई दोनदा येऊन बघून गेली. कुठला हात चाललाय हे तिने पाहिलं, पण प्रसाद नव्हता आणि पाहुणेही नव्हते, म्हणून काही बोलली नाही. वीस हात दोर सांगितला होता, मी तीस हात वळला.

बुधवारी सगळ्यांचे दोर गोळा झाले. शाळेच्या गॅलरीत आम्ही तीन-तीन बारीक दोर घेऊन त्यांचा एक जाड दोर पिळायला बसलो. एका टोकाला मी, एका टोकाला विघ्नेश, आमचा मॉनिटर. पीळ घालायला सुरुवात केली आणि माझा दोर उकलू लागला. बाकीचे दोन घट्ट होत होते आणि मधला माझा सैल पडत होता, फुगत होता, आणि शेवटी पाती सुटी होऊन जमिनीवर पसरली. आम्ही पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी विघ्नेशने दोर खाली टाकला. "हर रोप इज डिफेक्टिव्ह, मिस. शी डिड इट राँग." रेचेल मिसनी दोर हातात घेतला, चष्मा वर केला, आणि त्यांनाही काही कळलं नाही. "बेटा, शायद ढीला हो गया. तू असं कर, तू चार्ट लिहायला घे. तुझं अक्षर छान आहे." त्या प्रेमाने म्हणाल्या. पण चार्ट म्हणजे काय, पुलाच्या बाजूला पुठ्ठा धरून उभं राहायचं. सदतीस मुलांचे दोर पुलात जाणार आणि माझाच जाणार नाही. इंकांच्या गावात ज्या घराचा दोर पुलात नाही, त्या घराला लोक काय म्हणत असतील? मी तीस हातांचा दोर दप्तरात कोंबला आणि शाळेच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडत घरी आले. आई म्हणाली, "मी नेहमी सांगते ना, उजव्याने कर." बस, एवढंच म्हणाली. त्या दिवशी मी जेवले नाही.

इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून शुक्रवारी आम्ही समुद्रकाठच्या सूरला गेलो. हनीफचाचांना बाबांनी आधीच कबूल केलं होतं. चाचा बाबांच्या गावासमोरचे, म्हणजे खाडीच्या पलीकडच्या काठाचे. सूरमध्ये एका मच्छीमार अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, बोटींवर जाळी दुरुस्त करण्याचं काम तीस वर्षं करत होते. त्यांच्या खोलीसमोर फणसाएवढी जाळ्यांची गाठोडी पडलेली असायची आणि चाचा त्यांच्या मधोमध बसून सुया चालवत असायचे. त्यांनी आमच्यासाठी मोडका टेबलफॅन बाहेर आणला, चहा केला, आणि माझं तोंड पाहिलं.

"काय झाला गो सरू? कोण काय बोल्ला?"

मी दप्तर आणलंच होतं. दोर त्यांच्या मांडीवर टाकला आणि सगळं सांगितलं. आई तिथेच होती, तरी सांगितलं. चाचांनी दोर दोन बोटांत धरून उलटसुलट फिरवला, एक टोक दातांत धरून ओढलं, मग बाबांकडे बघितलं.

"कोण बोलतो चुकला? ह्यो दोर चुकलेला नाय. ह्यो डावा दोर हाय. पोरगी डाव्या हाताची, तिचा पीळ डावा. बाकीच्यांचा उजवा. उजव्याच्या मधी डावा घातलास तर तो सुटनारच. त्यात दोराची काय चूक?"

मग त्यांनी शेजारचं जाळं ओढलं आणि त्याची वरची कड माझ्या हातात दिली. तिथे एक नाही, दोन दोर होते, एकमेकांना चिकटून बांधलेले. "बघ. ह्याचा पीळ हिकडं, त्याचा पीळ तिकडं. का? एकाच पिळाचे दोन घातले ना, तर पाण्यात वजन आलं की दोघंपण एकाच बाजूला फिरतात, आणि सगळा जाळा गुंडाळून बसतो. मासा जातो घरी. एक डावा, एक उजवा, मग दोघं एकमेकांना धरून राहतात. डावा दोर मिळवायला आमी दुकानदाराच्या मागं फिरतो, आणि तुझे मास्तर फेकून देतात?"

मी ती कड कितीतरी वेळ हातात धरून बसले. समुद्राचा वारा येत होता आणि कुठेतरी लाकडी गलबतावर हातोडे पडत होते. मला त्याच क्षणी शाळा हवी होती. परतीच्या वाटेवर बाबा स्टिअरिंगवर ताल धरत "डावा दोर, डावा दोर" म्हणत होते आणि आई खिडकीतून बाहेर बघत होती.

रविवारी शाळेत पोचले तेव्हा पूल बांधून झाला होता. चार जाड दोर तळाला, त्यांवर आडव्या काठ्या बांधलेल्या, दोन दोर धरायला. सगळे उजव्या पिळाचे. मी मिसना गाठण्याआधीच विघ्नेश मोठ्या ऐटीत त्यावर चढला. चार पावलं गेला. दोर ताणले गेले, त्यांचा पीळ फिरला, आणि पुलाची अख्खी पायवाट हळूच एका बाजूला कलंडली. विघ्नेश वाळूत. पुन्हा एकीने प्रयत्न केला, तीही वाळूत. कुणी म्हणालं खांब वाकडे आहेत, कुणी म्हणालं काठ्या जास्त झाल्या. रेचेल मिस कपाळाला हात लावून बसल्या, कारण प्रदर्शन गुरुवारी होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा हात वर न करता बोलले. मोडकंतोडकं इंग्रजी, हिंदी, मराठी, जे येईल ते. खिशातून चाचांनी दिलेला जाळ्याचा तुकडा काढला, आणि उजव्या-डाव्याची जोडी दाखवली. मिसनी तो तुकडा हातात घेऊन पिळून बघितला. मग त्या उठल्या, मला खांद्याला धरलं आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दोन उजवे काढा. दोन डावे घाला. धरायच्या दोनांतलाही एक डावा. और ये लड़की सबको सिखाएगी."

ते चार दिवस! वर्गात डावखुरी मी एकटी आणि डावा दोर हवा होता ढीगभर. म्हणजे सदतीस उजव्या मुलांना माझ्यासारखं वळायला शिकायचं होतं. आता त्यांची मजा होती. विघ्नेशच्या मांडीवरून पाती सारखी उडत होती, त्याची बोटं एकमेकांत अडकत होती, आणि मी त्याच्यासमोर बसून मिसच्याच आवाजात म्हणत होते, "नहीं बेटा, ढीला हो गया." मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. आजही वाटत नाही. त्याच दिवसांत मिसनी ग्रंथालयातून एक पुस्तक आणून मला दाखवलं. त्या डोंगरांतल्या बायका मुद्दाम उलट्या पिळाचा धागा काढतात, त्याला 'डावा' असंच म्हणतात, आणि तो धागा वस्त्राच्या काठाला घालतात, घरातल्यांचं वाईटापासून रक्षण व्हावं म्हणून. आणि इंकांचा एक राजा होता, त्याच्या नावाचाच अर्थ डावखुरा. मी ते पान चार वेळा वाचलं. मग पुस्तक घरी नेऊन आईच्या पोळपाटाशेजारी ठेवलं, उघडं.

आईने ते वाचलं की नाही ते तिने सांगितलं नाही. पण मंगळवारी मी शाळेतून आले तेव्हा ती जमिनीवर पाय पसरून बसली होती, समोर भिजवलेल्या पात्यांची बादली, आणि डाव्या हाताने दोर वळायचा प्रयत्न करत होती. तिच्या मांडीवर एक वेडावाकडा, गाठाळ, दोन वितींचा तुकडा होता. मला बघून ती ओशाळली. "आमच्या घराचा वाटा नको का जायला," म्हणाली. मग थोड्या वेळाने, पात्यांकडेच बघत, "अवघड आहे गं. दुसऱ्या हाताने काहीच होत नाही. कसं गं जेवत होतीस इतकी वर्षं?" मी तिच्या शेजारी बसले, तिचा हात धरून तळहात कसा ढकलायचा ते दाखवलं, आणि बाबा खुबूस घेऊन आले तेव्हा दोघींपैकी कुणालाही स्वयंपाकाची आठवण नव्हती. त्या दिवशी तिघांनी कोरडे खुबूस चहात बुडवून खाल्ले.

गुरुवारी मैदानावर ही गर्दी. इजिप्तचा पुठ्ठ्याचा पिरॅमिड वाऱ्याने आडवा झाला होता, रोमवाल्यांचे मुकुट सरकत होते, आणि आमच्या खड्ड्याभोवती रांग लागली होती. विघ्नेश पहिला गेला. पूल खाली दबला, कुरकुरला, आणि सरळ राहिला. तळाला एक उजवा, एक डावा, एक उजवा, एक डावा. तो पलीकडे उतरला तेव्हा सगळा वर्ग असा ओरडला की मुख्याध्यापक धावत बाहेर आले. मग पोरं, मग पालक, मग रेचेल मिस साडीचा काठ खोचून. हनीफचाचा सूरहून खास सुट्टी घेऊन आले होते. ते पुलावर न चढता गुडघ्यावर बसून खालून दोर तपासत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "ह्यो डावा हाय ना, तो आमच्या सरूचा." त्यांनी ते किती जणांना सांगितलं देव जाणे. मी पुठ्ठा-बिठ्ठा काही धरला नाही. मी पुलाच्या तोंडाशी उभी होते आणि प्रत्येकाला हात देऊन वर चढवत होते.

शेवटी आई आली. नवी पैठणी नेसून आली होती, शाळेच्या प्रदर्शनाला पैठणी, आणि एका हातात चपला. बाबा मागून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होते. तिने उजव्या हाताने कडेचा दोर धरला, एक पाय काठीवर ठेवला, पूल हलला, आणि ती थांबली. चपला खाली टाकल्या आणि मोकळा झालेला हात माझ्याकडे लांब केला.

"हात दे."

मी सवयीने उजवा पुढे केला.

"तो नको गं," आई म्हणाली. "तुझा दे."